दोन भिंतींमधली चार बोटं जागा

भिंतींवर आमच्या साडूंइतका जीव असलेला माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नसेल. कुणाच्या घरी गेले की लोक आधी माणसांची खुशाली विचारतात. हे आधी भिंतीची विचारतात. चप्पल काढतात, बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करतात, कान लावतात आणि मग घरमालकाकडे असं बघतात, की त्या बिचाऱ्याला आपल्याला काहीतरी आजार निघाल्यासारखं वाटावं. माझ्या मुलीच्या सोयरिकीसाठी आम्ही भैंशाला गेलो होतो. बैठकीत सगळे जपून बोलत होते, आणि साडू मात्र कोपऱ्यात भिंतीला कान लावून बसलेले. मी डोळ्यांनी खुणावलं, तर मोठ्याने म्हणाले, "साडूभाऊ, ही भिंत नुसती चार इंची आहे. मावशी आतमध्ये म्हणून राह्यल्या की लाडू डब्यातच राहू दे, पोहे पुरे होतात." मग आतून लाडवांचं अख्खं ताट बाहेर आलं आणि सोयरीक जमली. आजही माझे व्याही त्यांना बघितलं की आवाज खाली आणतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. सारी नोकरी तहसीलमध्ये गेली. दुसऱ्यांच्या बांधांच्या भांडणाच्या मिसली, म्हणजे फायली, वाचता वाचता केस पांढरे झाले, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या हद्दीत निवांत बसावं म्हणतात तोच घराच्या मागे फंक्शन हॉल उभा राहिला. मुहूर्त असला की सकाळपासून बँड, दुपारी डीजे, मध्ये जनरेटर. साडूंनी कायदेशीर भाषेत दरखास्त लिहिली, हॉलच्या मालकाच्या हातात दिली. मालक भला माणूस. त्याने ती वाचली, कपाळाला लावली आणि प्रत्येक लग्नाला दोघांनी जेवायला यायचंच असा आग्रह धरला. साडू एकदा गेलेही. परत आले ते बागारा भात जेवून, तृप्त आणि अत्यंत दुःखी. "जेवण उत्तम," म्हणाले, "पण अतिक्रमण कायम आहे."

तेव्हापासून हा माणूस पेटला. आधी अंड्यांचे ट्रे आणले. टिफिन सेंटरवाल्याकडून रोज काखोटीला मारून आणायचे, त्यामुळे कॉलनीत बातमी पसरली की साहेबांनी निवृत्तीनंतर पोल्ट्री काढली. दोघा-तिघांनी गावरान कोंबडीची चौकशीही केली. मागची खोली छतापर्यंत ट्रेने मढवली. पहिल्याच लग्नाला बँड जसाच्या तसा आत आला. फरक एवढाच, की खोलीत बोलणाऱ्याचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटायला लागला. "माझा आवाज बसला, बँडचा नाही," साडूंनी निकाल दिला. त्यातून त्यांना पहिला धडा मिळाला, आणि तो त्यांनी पुढचा महिनाभर भेटेल त्याला दिला: मऊ वस्तू आतला घुमारा कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही, अडवायला वजन लागतं, वजन! हे सांगताना ते माझ्या पोटाकडे बघायचे. मला ते आवडत नसे.

एवढं कळूनही कापसाचा मोह त्यांना आवरला नाही. आमच्याकडे जे पिकतं ते एकदा करून पाहावं, हा त्यांचा विचार. बेला गावच्या चुलतभावाकडून कापसाची पोती आली. चुलतभावाने विचारलं, "दादा, कापूस भिंतीत काऊन भरून राह्यले? गादी नाही का करत?" साडूंनी भिंतीसमोर प्लायवूड ठोकलं आणि मधे कापूस कोंबला. बँड किंचितही हलला नाही. उलट तिसऱ्या आठवड्यात भिंतीतूनच खुडखुड ऐकू यायला लागली. उंदरांच्या एका मोठ्या कुटुंबाला आयुष्यात पहिल्यांदाच तयार गादीचं घर मिळालं होतं. ते काढताना आक्का नुसत्या दारात उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

खरं काम झालं ते मेस्त्री आल्यावर. मेस्त्री तेलुगू, साडू मराठी, आणि भांडण दोघांनाही येणाऱ्या हिंदीत. साडूंनी कुठून कुठून वाचून नकाशा काढला होता. जुनी भिंत तशीच ठेवायची. तिच्यापासून चार बोटं जागा सोडून लोखंडी चौकट उभी करायची, मधे दगडी लोकर भरायची, आणि चौकटीवर जिप्सम बोर्डाचे दोन थर द्यायचे, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ न देता. अट एकच: नवी भिंत जुनीला कुठेही चिकटता कामा नये. मेस्त्रीने मजबुतीसाठी गुपचूप एक बोल्ट जुन्या भिंतीत ठोकला. साडूंनी कान लावून तो शोधला.

"सारू, एक बोल्टसे क्या होता?" मेस्त्री म्हणाला.

"उसपे चलके आता आवाज! पूल बनाया तुम उसके वास्ते!" साडू ओरडले, आणि अर्धी चौकट पुन्हा सोडवली. दाराच्या चारी कडांना रबराच्या पट्ट्या आल्या. खिडकीला दोन काचा, एक जाड आणि एक पातळ. वायरच्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, कारण साडूंच्या मते आवाज पाण्यासारखा असतो, सुई जाईल तिथून तो जातो.

काम पुरं झाल्यावर परीक्षेला मला बोलावलं. माझ्या हातात पितळी परात आणि लाटणं देऊन मला अंगणात, खोलीच्या मागच्या भिंतीपाशी उभं केलं. "मी दार लावून घेतो. तुमी वाजवत राहा. ऐकू आलं की मी येऊन सांगतो." मी वाजवू लागलो. शेजारी गच्चीवर आले. आज ग्रहण आहे का, असं कुणी विचारलं. हात बदलून मी वाजवत राहिलो, कारण थांब म्हणून कुणी सांगेना. अर्ध्या तासाने घामाने निथळत साडू बाहेर आले आणि रागाने म्हणाले, "साडूभाऊ, कधीचा वाट पाहून राह्यलो. तुमी सुरू काऊन नाही केलं?"

मी परात खाली ठेवली. हात दुखत होते, म्हणून जरा लागेल असंच बोललो, "झाली ना खोली? आता झोपा महाराज निवांत."

"झोपाले नाही केली," ते म्हणाले, आणि आत जाऊन आक्कांना घेऊन आले.

आक्कांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. कानाचं मशीन घेतल्याचंही माहीत होतं. तरी त्या भलतीच उत्तरं द्यायच्या, चहा घेता का विचारलं तर "काल आला" म्हणायच्या, आणि आम्ही हसायचो. मग त्यांनी बोलणंच सोडलं. कार्यक्रमात एका बाजूला बसून राहायच्या. आमच्यातल्या काहींनी तर त्यांना गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. त्या काहींत मी होतो.

"मशीन सगळंच मोठं करते," साडू मला दारातच सांगत होते. "बँड बी, जनरेटर बी, पंखा बी, माझं बोलणं बी. एवढ्यातून तिनं माझं कसं निवडावं? डोकं दुखते तिचं. दोन वर्षं झाली, मशीन डब्यात ठेवून देल्लं."

तोवर मागे हॉलवर डीजे सुरू झाला होता. आम्ही तिघे आत गेलो. दार लागलं आणि मागचा डीजे कापून टाकल्यासारखा थांबला. साडूंनी पंखाही बंद केला. आक्कांनी डब्यातून मशीन काढून कानात घातलं आणि दचकल्यासारख्या आमच्याकडे बघू लागल्या. साडू त्यांच्यासमोर बसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सकाळच्या चहात साखर जास्त झाली होती काय?"

आक्कांनी बोटाने मशीन कानात नीट बसवलं. मग म्हणाल्या, "सकाळीच काऊन? लग्न झाल्यापासून जास्तच होऊन राह्यली."

साडू एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं असं त्यांचं म्हणणं. नंतर आक्का तासभर बोलत होत्या. बहिणींबद्दल, बेल्याच्या शेताबद्दल, माझ्या मुलीच्या लग्नात मी नेसलेल्या हास्यास्पद धोतराबद्दल. आम्ही तिघेही घामाने चिंब झालो होतो, पण पंखा लावायला कुणी उठलं नाही.

याला आता चारेक वर्षं झाली. आक्कांचा उजवा कान पूर्ण गेला, डाव्यातही थोडंच उरलंय. त्या खोलीतसुद्धा साध्या आवाजात भागत नाही. परवा मी गेलो तेव्हा दार लावलेलं होतं. खिडकीच्या दोन काचांमधून दिसलं, साडू आक्कांच्या डाव्या कानाशी वाकून, गळ्याच्या शिरा ताणून काहीतरी ओरडत होते. आक्कांनी मान हलवली, नाही कळलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्या हसल्या आणि त्यांनी साडूंच्या हातावर चापट मारली. बाहेर यातलं एक अक्षरही येत नव्हतं. मी ओट्यावर बसून राहिलो. दार वाजवावंसं वाटलं नाही, आणि वाजवलं असतं तरी आत कुणाला ऐकू गेलं नसतं.