ताराक्कांचं ध्यान

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. चार बायका एका सतरंजीवर डोळे मिटून बसल्या की ते आपोआप साठतात!

घरोघरी नुकताच गॅस येऊ लागला होता, तेव्हाची गोष्ट. कसबा बावड्यात तालमीच्या वरच्या खोलीत एक रिटायर मास्तर आम्हाला ध्यान शिकवायचे. "जे करताय, त्यातच मन ठेवा," एवढंच सांगायचे. ऐकायला सोपं. घरी गेलं की डोक्यात नुसता गोंधळ!

माझ्या शेजारच्या ताराक्का मात्र गरजेपोटी यायच्या. गॅस चालू ठेवून त्या दोनदा बाजारात गेल्या होत्या. मुलानं बजावलं होतं, "आई, आणि एकदा विसरलीस तर स्वयंपाकघर बंद!"

*

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "श्वास येतोय, जातोय, तिकडं लक्ष द्या."

थोड्या वेळानं माझ्या बाजूला बसलेल्या रशीदाभाभी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "मास्तर, इतकी वर्षं आपला आपण चालत होता. आता मलाच घ्यावा लागतोय!"

*

मी घरी मन लावून भाकरी थापली. काय एकसारखी झाली! ह्यांनी ताट पुढं ओढलं. "आणि कालवण?"

कालवण राहूनच गेलं होतं.

मास्तरांना सांगितलं, तर म्हणाले, "कालवणाच्या वेळी कालवण." पण ती वेळ भाकरी थापतानाच येते, हे त्यांना कोण सांगणार!

*

मग मास्तरांनी नवीन सांगितलं. "मनात जे वर येईल ते फक्त बघा. अडवू नका."

दुसऱ्या दिवशी ताराक्कांकडून करपल्याचा वास आला. मी धावले. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली गळत होतं. अक्का समोर शांत उभ्या!

"अहो अक्का, दूध!"

"व्हय की, बघालोय!"

त्याच दिवशी मुलानं स्वयंपाकघर सुनेकडं दिलं. अक्कांना आत पाऊल टाकायला बंदी.

*

पुढच्या वेळी मास्तरांनी विचारलं, "अक्का, आत्ता मन कुठं आहे?"

"गॅसजवळ."

"त्याला इथं आणा."

"इथं आणून काय करू? इथं काय शिजालंय?"

 

*

रविवारी अक्कांकडं पावणे जेवायला येणार होते. सून आत मटणाचा रस्सा करत होती. अक्का आणि मी बाहेर सोप्यात डोळे मिटून बसलो होतो.

अक्का एकदम ओरडल्या, "मीठ दोनदा घातलंस!"

मी डोळे उघडले. त्यांचे मिटलेलेच.

आत पातेल्याचं झाकण वाजलं. मग सून दारात आली. हातात पळी, चेहरा रडवेला. "आत्ती, खरंच खारट झालंय. पावणं गल्लीत आलं की ओ! आता तुम्हीच आत या."

अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"थांब जरा. ध्यान संपू दे माझं."