सतरावा प्रश्न

वस्तीत तिला सगळे रेडिओ म्हणत. नाव ठेवलं ते तिच्या धाकट्या दिरानं. डोंगराखालच्या दवाखान्यात ती दुभाषी म्हणून लागली तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरी आली की डॉक्टर कसे बोलतात, मोठी नर्स कशी करवादते, हे ती जसंच्या तसं करून दाखवायची. दीर म्हणाला, "वहिनी म्हणजे रेडिओ आहे. कान पिळला की सुरू." तेव्हापासून लहान मुलं रेडिओमावशी म्हणत आणि म्हातारी माणसं नुसतंच रेडिओ.

डोंगरावरच्या माणसांची बोली खालच्या लोकांना कळत नसे आणि दवाखान्यातली भाषा वरच्यांना. मध्ये ती. "ही बाई म्हणते की" असं म्हणत बसायचं नाही, सरळ "मी" म्हणायचं, वेळ वाचतो, हे मोठ्या नर्सनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं. त्यामुळे बावीस वर्षं ती परक्यांच्या वतीनं "मी" म्हणत आली. माझ्या छातीत दुखतं. माझं बाळ दूध ओढत नाही. एका म्हाताऱ्याची लघवीची तक्रार तिनं "मला थेंब थेंब होते" अशी सांगितली, तेव्हा नवा डॉक्टर गालातल्या गालात हसला. ती हसली नाही. सगळं एकाच आवाजात सांगायचं, हे एव्हाना अंगवळणी पडलं होतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी विद्यापीठातून एक मोठे सर आले. त्यांच्याकडे छापील प्रश्नांचा गठ्ठा होता. ते कुणाला काही न विचारता घराघरांत शिरले आणि दवाखान्यानं तिला त्यांच्यासोबत धाडलं. त्यांचा एक प्रश्न होता: तुमची किती मुलं दगावली? एका बाईला तो विचारल्यावर ती बाई चुलीपुढे बसली होती तिथेच वाकली आणि कितीतरी वेळ वर आली नाही. सर थांबले, घड्याळाकडे पाहिलं, मग म्हणाले, "आकडा सांगायला सांगा." बाईनं तीन बोटं दाखवली. सरांनी तीन लिहिलं.

सर पुन्हा कधी फिरकले नाहीत. वर्षभरानं त्यांचा लेख वर्तमानपत्रात आला. डोंगरावरच्या बायका मुलांच्या बाबतीत निष्काळजी असतात, असा त्याचा सूर होता. दवाखान्याच्या रांगेत कुणीतरी तो मोठ्यानं वाचला आणि खालच्या भाषेतलं ते सगळं त्या तीन बोटंवाल्या बाईला रेडिओनंच समजावून सांगितलं. तिनं विचारलं म्हणून सांगितलं. बाई आपली पाळी न घेताच उठून गेली.

त्यानंतर जे जे पाहणीला आले, त्यांच्यासोबत रेडिओ गेली, पण तो प्रश्न तिनं कधी विचारला नाही. तो आला की ती बोलीत दुसरंच काहीतरी विचारायची. गुडघे कसे आहेत? छप्पर गळतं का? समोरचा माणूस सविस्तर सांगायचा, हातवारे करायचा, आणि ती पाहुण्याकडे वळून म्हणायची, "नाही. एकही नाही." पाहुणे लिहून घ्यायचे. तिला वाटायचं, आपण आपल्या माणसांवर पांघरूण घालतोय.

सात वर्षांपूर्वी तिची स्वतःची मुलगी गेली. चार वर्षांची होती. ताप आला तो तिसऱ्या दिवशी डोक्यात गेला. त्या सकाळी रेडिओ दवाखान्यात एका अडलेल्या बाळंतिणीच्या उशाशी उभी होती, "मला सोडवा, मला सोडवा" असं डॉक्टरांना सांगत होती. ती बाळंतीण सुटली. रेडिओ दुपारी घरी पोचली तेव्हा जावेनं मुलीला स्वच्छ कपडे घातले होते. पाचव्या दिवशी ती कामावर गेली. मोठी नर्स म्हणाली, "अगं, राहायचंस अजून थोडे दिवस." ती म्हणाली, "घरी काय करू?" आणि पहिल्या पेशंटकडे वळली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. ती खंबीर नव्हती. आत काही हलतच नव्हतं, एवढंच. हात झोपेत दबून बधिर झाला की तो आपला आहे हे दिसतं पण जाणवत नाही, तसं तिचं सगळं झालं होतं. नवरा लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. करवतीनं त्याचे कान अर्धे नेले होते आणि मुळातच तो कमी बोलायचा. मुलीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

मग गेल्या वर्षी एक बाई आली; हातात सदा कागद, म्हणून वस्ती तिला कागदवाली म्हणायची. हीसुद्धा विद्यापीठाचीच, तिशीतली, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. पण आल्या आल्या घरांत शिरली नाही. वस्तीच्या पंचांकडे गेली आणि म्हणाली, "बाळंतपणं आणि लहान मुलांचे आजार यांवर मला काम करायचंय. तुम्हाला त्याचा उपयोग असेल तरच करते. नको असेल तर परत जाते." पंचांतले थोरले काका म्हणाले, "विचार करू." त्यांनी दीड महिना विचार केला. तेवढा काळ ती खाली भाड्याच्या खोलीत राहिली. मग शाळेच्या खोलीत तीन बैठका झाल्या आणि प्रश्न सगळ्यांनी मिळून ठरवले. दोन बैठकांना रेडिओ होती. तिसरीच्या दिवशी दवाखान्यात अपघाताचे जखमी आले, म्हणून तिच्याऐवजी शाळेच्या मास्तरांनी कसंबसं निभावलं. हातात यादी आली तेव्हा तिनं पाहिलं, सतरावा प्रश्न तोच होता. ही पण शेवटी त्यातलीच, असं तिच्या मनात आलं. कुणाला विचारावं असं काही सुचलं नाही.

चाळीस घरं झाली. सतराव्याला तिनं एकोणचाळीस वेळा छप्पर आणि गुडघे विचारले. तिच्या स्वतःच्या घराचा कागद तिनंच भरला. नवरा गिरणीत होता. सतराव्यापुढे तिनं लिहिलं: एकही नाही.

कागदवाली जाताना म्हणाली, "छापायच्या आधी सगळं इथे आणून वाचून दाखवीन." असं म्हणून गेलेलं कुणी आजवर परत आलं नव्हतं. रेडिओनं ते वाक्य बोलीत सांगितलं आणि विसरून गेली.

पाच महिन्यांनी ती परत आली.

शाळेची खोली गच्च भरली. बायका पुढे, पुरुष भिंतीला टेकून. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून कागदवालीनं मोठाले तक्ते काढून आणले होते. प्रत्येक घराला एक चौकोन, चौकोनात चित्रं. पाण्याचा तक्ता झाला, तापाचा झाला. लोक आपापला चौकोन शोधत होते, हसत होते. मग तिनं पुढचा तक्ता उलगडला. त्यात चाळीस चौकोन होते आणि चाळीसही कोरे.

"मुलगा किंवा मुलगी दगावली असेल, तर एका जिवाला एक काळा ठिपका," ती खालच्या भाषेत म्हणाली. "गेल्या दहा वर्षांत वस्तीत एकही मूल गेलं नाही, असं उत्तरांवरून दिसतं. खरं सांगते, मला हे पटलेलं नाही. म्हणून विचारायला आले."

सगळ्यांनी रेडिओकडे पाहिलं. काहीतरी वेगळं सांगता आलं असतं. पण तक्ता समोर होता आणि कोरे चौकोन सगळ्यांना दिसत होते. तिनं शब्दाला शब्द सांगितलं.

मग सुईणबाई उठली. वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. ती म्हणाली, "सहा तर मी माझ्या हातांनी गुंडाळलीत. हे कोरं कसं?"

मागून एक बाई म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. माझे दोन होते. ही रेडिओ आली आणि गुडघे कसे म्हणून विचारून गेली."

"मला छप्पर विचारलं."

"मलापण छप्पर."

कागदवालीनं विचारलं, "काय म्हणतायत?"

रेडिओ तिच्याकडे वळली. आवाज नेहमीचाच होता. "माझे दोन होते. मला कुणी विचारलंच नाही. दुभाष्या बाईनं मला गुडघ्यांचं विचारलं. मला छपराचं." आणि ती पुढे म्हणाली, "हे त्यांचं झालं. आता माझं. त्या खरं बोलतायत. मी सतरावा प्रश्न विचारला नाही. उत्तरं मी माझ्या मनानं सांगितली." मग तेच तिनं बोलीत सांगितलं.

थोरले काका उभे राहिले. "तो प्रश्न हिचा नव्हता," ते कागदवालीकडे बोट करून म्हणाले. "तो आम्ही घालायला लावला, तिसऱ्या बैठकीत. वस्तीत कायमची नर्स द्या म्हणून किती खेटे घातले. तुमच्याकडे मुलं मरतात याचा पुरावा काय, असं विचारतात. हा आकडा आम्हाला हवा होता, रेडिओ. तू आम्हाला विचारायचंस तरी."

"मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल," ती म्हणाली.

"होणारच. पण तो आमचा आम्ही बघितला असता."

हेही तिला कागदवालीला सांगावं लागलं. तिनं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठातून निरोप आला: तेवढा एक प्रश्न गाळा, बाकीचं छापा, काही बिघडत नाही. कागदवालीनं तो निरोप जसाच्या तसा पंचांपुढे ठेवला आणि म्हणाली, "माझ्या वरिष्ठांचं असं म्हणणं आहे. माझं म्हणणं, तुम्ही ठरवाल ते." पंचांनी ठरवलं, पुन्हा विचारायचं. कुणाचंही नाव येणार नाही, मूळ कागद शाळेच्या कपाटात राहतील, आणि वर्तमानपत्राला काही द्यायचं झालं तर आधी इथे वाचायचं. कुणी विचारायचं यावर वाद झाला. मास्तरांचं नाव पुढे आलं. तेव्हा मागच्या रांगेतून ती तीन बोटंवाली बाई बोलली. आता तिचे केस पांढरे झाले होते. "पुरुषापुढे कोण रडणार? रेडिओलाच पाठवा. आणि या खेपेला निमूट विचार म्हणावं."

अकरा दिवस लागले. काही ठिकाणी चटकन आकडा मिळाला, काही ठिकाणी अख्खी सकाळ गेली. कागदवाली घड्याळ घालत नव्हती. एका घरात बाई रडली आणि रेडिओचा हात धरून ठेवला. रेडिओनं तो धरू दिला. आपल्याला काहीच कसं होत नाही, याचंच तिला काय ते थोडं नवल वाटलं.

एकोणिसावं घर तिचं होतं. गिरणीला सुट्टी होती, नवरा अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. कागदवाली रेडिओला म्हणाली, "तुमच्या घरी मीच विचारते," आणि पाठ केलेला प्रश्न बोलीत विचारला. उच्चार वेडावाकडा होता. नवऱ्याला ऐकू गेलं नाही.

"काय?"

तिनं पुन्हा, मोठ्यानं विचारलं. शेजारची जाऊ दारात येऊन उभी राहिली. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. रेडिओ त्याच्या कानाशी वाकली आणि जवळजवळ ओरडूनच म्हणाली, "आपली किती मुलं गेली, विचारतायत."

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "एक," तो म्हणाला. "मुलगी. चार वर्षांची होती. पायरीवर बसून माझी वाट बघायची."

कागदवालीला बोली तेवढी कळत नव्हती. ती रेडिओकडे पाहत थांबली.

"एक," रेडिओ म्हणाली. "मुलगी. चार वर्षांची होती. पायरीवर बसून माझी वाट बघायची." नवऱ्याच्या वतीनं ती "माझी" म्हणाली, सवयीनं. मग तिला पुढचं काही आठवेना. आता विसाव्या घरी जायचं की अठराव्या, तेच कळेना. ती खाटेच्या कडेवर बसली. रडू आलं नाही. जावेनं पाणी आणलं ते ती प्यायली, आणि थोड्या वेळानं तिघीजणी उठून विसाव्या घरी गेल्या. जाऊ का आली हे कुणी विचारलं नाही. उरलेल्या सगळ्या घरांना ती सोबत फिरली.

ठिपके सत्तावीस झाले. तक्ता शाळेत पुन्हा लावला, वाचून झाला, मगच लेख छापला गेला. लेखकांत कागदवालीच्या खाली वस्तीच्या पंचांचं नाव आहे. दुभाषीचं घालू का, असं तिनं विचारलं होतं. रेडिओ म्हणाली, "पहिल्या खेपेचं पण लिहिणार असाल तर घाला." म्हणून लेखात एक परिच्छेद त्याचाही आहे: पहिल्या वेळी काय चुकलं, का चुकलं. तो परिच्छेदही तिनंच शाळेत उभं राहून बोलीत सांगितला.

कायमची नर्स अजून मिळालेली नाही. आठवड्यातून दोन दिवस एक येते, शाळेच्या व्हरांड्यात बसते. रेडिओ त्या दोन दिवशी वर असते, बाकी दिवस खाली दवाखान्यात. नवरा मधूनच मुलीबद्दल काहीतरी बोलतो, एखादंच वाक्य, कान अर्धे गेल्यामुळे जरा मोठ्यानंच. ती हातातलं काम चालू ठेवते आणि ऐकते. कधी कधी, तो थांबला की, "मग?" असं विचारते.