शुक्रवारी माझ्या नावाने कोण खेळलं?

मी केमिस्ट आहे, बोईसरच्या एका कंपनीत. टेस्टमध्ये दिसेल तेवढंच खरं मानणारी. कँटीनमध्ये कुणी भुताखेतांचे किस्से सुरू केले की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

मी आणि मनाली – ती उमरोळीची, कॉलेजपासूनची माझी जिवलग – दोन वर्षं एक ऑनलाइन गेम खेळतोय. राक्षस, जादू, गुहा वगैरे. ती पुढे उभी राहून मार खाते, मी मागून मंत्र टाकून तिला जिवंत ठेवते. ते काम माझं. फक्त माझं!

मग तिच्या ऑफिसात केळव्याची हर्षाली आली. झालं, दर दोन वाक्यांत हर्षाली. एक दिवस मनाली म्हणाली, "सुप्रिया, उपचार आता हर्षालीला करू दे, तू तलवार घे. पहिल्या गुहेसाठी तयार कर ना तिला. तुझ्यासारखं कोण शिकवणार!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडाने मात्र म्हटलं, "हो, शिकवते की."

गुरुवारी संध्याकाळी फोनवर शिकवलं. औषधं कधी प्यायची, कुठे उभं राहायचं, सगळं नीट. एकच गोष्ट मुद्दाम उलटी सांगितली. राक्षसाच्या पायाखालची जमीन लाल झाली की लांब पळायचं असतं. मी म्हटलं, "तेव्हा पुढे जायचं हं."

"बरं ताई, तुमी सांगाल तसं," ती म्हणाली. मरू दे एकदा, मनाली आपसूक माझ्याकडे येईल... खरंच हेच होतं मनात.

तिघींनाही सुट्टी म्हणून शुक्रवारी बाराची वेळ ठरवली होती. आता बोईसरला कंपन्यांना सुट्टी शुक्रवारी आणि कामासाठी लाईट घालवतात तीही शुक्रवारीच. जन्म इथे गेला, तरी विसरले! दहाला लाईट गेली. थोड्या वेळाने फोनची रेंजही गेली. कळवणार कसं? वाईट वाटलं म्हणाल, तर अजिबात नाही. मी गॅलरीत आईबरोबर सुके बोंबील निवडत बसले.

तीनला लाईट आली, रेंज आली आणि लगेच मनालीचा फोन. "अगं, काय सांभाळलंस तिला! पहिल्याच फेरीत गुहा पार!"

"मी? माझ्याकडे लाईटच नव्हती."

"नाटकं करू नको."

हर्षाली खेळायला उमरोळीला मनालीच्याच घरी गेली होती. मागून ती बोलली, "ताई, तुमी लिवलं म्हणून वाचली मी. नायतर पुढेच जानार होती."

मी धावत कॉम्प्युटर लावला. गेममधल्या गप्पा उघडल्या. माझ्या नावापुढे बारा वाजून दहा मिनिटांनी लिहिलं होतं – 'हर्षाली, काल मी तुला मुद्दाम चुकीचं शिकवलं. मला तुझा राग येतो. जमीन लाल झाली की माझ्या मागे ये.'

हे मी कुणाला बोलले नव्हते. पासवर्ड फक्त मला माहीत. लॉगिनच्या नोंदीत कॉम्प्युटरही माझाच दाखवतोय – जो पाच तास बंद होता. घरात इन्व्हर्टर नाही. आई म्हणते, "तू जागची हाललीसुद्धा नाहीस." दोन वर्षं जपलेली माझी जादूची काठीही हर्षालीला दिलेली होती. मी तर ती मनालीलासुद्धा कधी दिली नसती.

पासवर्ड बदलला, कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं. त्याने डोकं खाजवलं आणि चहा पिऊन गेला.

हर्षालीने ते वाक्य मनावर घेतलंच नाही. उलट म्हणाली, "खरं बोललात, आवडलं मला." आम्ही तिघी अजून खेळतो. काहीतरी चुकलं की मनाली हमखास म्हणते, "त्या शुक्रवारी कसली भारी खेळलीस गं! तशी खेळ ना."

मला नाही येत तसं खेळता. आधी मी हर्षालीवर जळायचे. आता त्या दिवशी माझ्या नावाने जी कोण आली होती, तिच्यावर जळते... कारण मनालीला ती हवी आहे. आणि ती मी नव्हते.