काट्यावरच्या टर्मिनलचा वेग

आमच्या कारखान्यातला मेन कंप्युटर वयानं माझ्यापेक्षा मोठा हाय. त्याला माऊस न्हाई, चित्रं न्हाईत. काळा पडदा, हिरवी अक्षरं, संपला विषय. पण उसाच्या वजनाचा सगळा कारभार अजून त्याच्यावरच चालतो, कारण त्यातला प्रोग्राम कधी चुकत न्हाई, आन् ज्यानं तो लिहिला तो माणूस आता कुठं हाय ते कुणालाच ठाव न्हाई. त्या मशीनच्या पाठीतून वायरी निघतात. प्रत्येक वायरीच्या टोकाला एक टर्मिनल, म्हंजे नुसता पडदा आन् कीबोर्ड. डोकं सगळं हपिसात. सगळ्यात लांबची वायर जाते गेटवरच्या वजनकाट्याला, पार चिपाडाच्या ढिगाला वळसा घालून.

मी पाटोद्याच्या शाळेत शिकलेला, तालुक्याच्या बाहेर फक्त परीक्षेला गेलेला माणूस. कंप्युटर खात्यात मला घेतलं ते "हंगाम सुरू होईस्तोवर बघू" असं म्हणून, हजेरीच्या मस्टरवर नाव न घालता. कारखान्यात माझं नाव झालं ते मात्र नकलांमुळं. एकदा इंटरकॉमवर एमडी साहेबांच्या आवाजात मी स्टोअरकीपरला म्हणलं, "हे बघा, मला कारणं नकोत, मला रिझल्ट पाहिजे." तो बिचारा फोन धरून खुर्चीतून उठला आन् "येस सर, येस सर" करीत उभाच राहिला. हे साहेबांच्या कानावर गेलं. तेव्हापासून ते माझ्याकडं बघायचे ते चष्म्याच्या वरून.

माझ्या आधी मशीन सांभाळायचे ते चाचा. गेल्या हंगामाला रिटायर झाले. त्यांनी कुठंच काय लिहून ठेवलेलं न्हाई, सगळं डोक्यात.

हंगामाच्या तोंडावर काट्यावरचं टर्मिनल मेलं. मी स्टोअरमधून दुसरं काढलं, धूळ झटकली आन् सेटिंगला बसलो. त्यात मुख्य गोष्ट वेगाची. मशीन निवडणुकीतल्या उमेदवारासारखं भडाभडा बोलायलंय आन् टर्मिनल घाटनांदूरच्या माझ्या मामासारखं सावकाश ऐकायलंय, तर जमायचं कसं? दोघांचा वेग एकच पाहिजे. मशीनमध्ये एक फाईल असते, कुठल्या वायरीला कुठला वेग ते सांगणारी. ती उघडली तर काट्याच्या वायरीपुढं चाचांनी ठेवलेलं, चोवीसशे. बाकी सगळ्या वायरी शहाण्णवशेवर!

मी लई हसलो. चाचांच्या ओळीपुढं खूण टाकून ती बंद केली, खाली माझी ओळ लिहिली, शहाण्णवशे. टर्मिनलही तसंच केलं. हपिसातल्या टेबलावर हातभर वायरीनं जोडून बघितलं तर अक्षरं नुसती सुसाट. सगळ्या हपिसाला सांगत सुटलो, "चाचांची बैलगाडी हायवेवर आणली की न्हाई?"

मोळीच्या दिवशी, म्हंजे गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करायच्या दिवशी, सकाळी नवाला टर्मिनल मोटरसायकलवर मांडीत धरून गेटवर नेलं. मागं गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. जोडलं, चालू केलं. पडद्यावर अक्षरांचं भरीत.

काट्यावर बसतात त्यांना सगळे काटा मामा म्हणतात. मामांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे कुठल्या भाषेत हाय बे?"

"बघतो मामा."

"बघ. माझं वाचन सातवीपस्तोर हाय, पण हे मास्तरालाबी यायचं न्हाई."

मी वायर बदलली, पिन घासली, बंद करून चालू केलं. तेवढ्यात एमडी साहेबांची गाडी थांबली. काच खाली झाली.

"हे बघा, अकराला मोळी. त्यानंतर पहिली गाडी काट्यावर. हाताच्या चिठ्ठ्या मला चालणार न्हाईत, रांगेत हाणामारी होते. जमत नसंल तर तुम्ही तुमच्या नकला घेऊन घरी जा." काच वर.

खरं सांगतो, त्यांचा आवाज तेव्हा लई हुबेहूब वाटला आन् हसू काय आलं न्हाई.

चाचांना फोन लावला. सुनेनं उचलला. म्हणाली, "अब्बा के आँख का ऑपरेशन हुआ कल. पट्टी है." मी म्हणलं, "बोलू तरी द्या." चाचा आले.

"क्या दिखरा?"

"चाचा, एल, ओ, मग उलटं प्रश्नचिन्ह, मग शेपटीवालं कायतरी…"

"ऐसा नक्को. मेरे को दिखता क्या? नकल कर उसकी. मेरी करता, साब की करता, अब टर्मिनल की कर. बरोबर आया तो साफ बोलने का, बिगडा तो बिगडा बोलने का."

"आत्ता? सगळे बघायलेत."

"कर बे!"

मी एंटर मारला आन् पडदा वाचला. "लॉऽऽ… फ्रट्… ठुँ!" ट्रॅक्टरवाले हसले. "फिर." एंटर. "लॉगी… भुर्रऽऽ!" "फिर." "टच्… गिन!" आता पन्नास माणसं जमली असतील. मामा पोट धरून बसले. फोनवर चाचा जराबी हसले न्हाईत.

"हर बार अलग चिल्लाता?"

"हौ चाचा. दरवेळी येगळंच."

"तो मशीन अच्छा, टर्मिनल बी अच्छा. वायर लंबी है और तू उसको दौडारा. लंबी वायर में जो दौडता वो गिरता. चोवीसशे मैं शौक से नहीं रखा था. दो दिन गेट और हपिस के बीच चल चल के चप्पल घिसाया, तब वो वेग मिला."

माझं तोंड एवढंसं झालं. मोटरसायकल काढली, हपिसात गेलो. बरं तर बरं, चाचांची ओळ मी पुसली नव्हती. तिच्यापुढची खूण काढली, माझी ओळ उडवली, मशीनला फाईल परत वाचायला लावली आन् गेटवर पळालो. टर्मिनलवर चोवीसशे केलं. फोन परत कानाला.

आता एल आला, ओ आला. जी बिघडलेला. आय बरोबर. एन बिघडलेला. एंटर मारला, परत तसंच. मी नक्कल केली. "लॉ, टुच्, इ, टुच्." परत केली. "लॉ, टुच्, इ, टुच्."

"हर बार वहीच?" चाचा म्हणाले.

"वहीच. चाचा, थांबा. सांगू नका."

मी पडद्याकडं बघत राहिलो. वायरीनं बिघडवलं असतं तर दरवेळी येगळं बिघडवलं असतं. हे तर ठरवून तीच तीच अक्षरं बिघडायलीत. वेग जुळला म्हणूनच बाकीची नीट यायलीत. मग राहिलं काय? पॅरिटी. प्रत्येक अक्षराच्या मागं तपासणीची एक खूण जोडायची का न्हाई, ते दोन्हीकडं सारखं ठरलेलं लागतं. चाचांच्या ओळीत ही तपासणीची खूण जोडायला सांगितलेलं होतं, माझ्या टर्मिनलला त्याचा पत्ताच न्हाई. ते त्या खुणेला अक्षराचाच भाग समजून वाचायलंय. खूण शून्य असली तर अक्षर नीट दिसतं, एक असली की बिघडतं.

"पॅरिटी," मी म्हणलं. "मशीन सात बिट आन् सम पॅरिटी पाठवतंय. मी टर्मिनल आठ बिट आन् बिनपॅरिटीचं ठेवलंय."

मग चाचा म्हणाले, "तो खडा कायकू है? बदल."

बदललं. एंटर मारला. हिरवी, स्वच्छ, ओळीत उभी अक्षरं. मामांनी आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकताना मला मान वळवायला लावली, आन् वजनाचा पडदा उघडला. घड्याळात पावणेअकरा.

मोळी पडली, हार झाले, नारळ झाले. पहिली गाडी बैलांची होती. बाप्या बैलांपुढं, बाई उसावर बसलेली. तिला खाली उतरवून गाडी काट्यावर घेतली. मामांनी बटण दाबलं. वजन पडद्यावर आलं, त्याच क्षणी हपिसातल्या पडद्यावरही आलं. इंटरकॉमवर तिथून ओरडून सांगितलं तेव्हा मी गेटवर एकटाच नाचलो.

एमडी साहेब मागं उभे होते.

"किती वेगावर चालवलंय?"

"चोवीसशे, साहेब."

"म्हंजे फास्ट?"

"न्हाई साहेब. आपल्या कारखान्यातलं सगळ्यात सावकाश टर्मिनल हाय हे."

"मग?"

"एवढ्या लांबून याच्यापेक्षा जोरात बोललं तर खोटं ऐकू येतं. मी चुकलोतो, चाचांनी दाखवलं. दुसरी चूक मी शोधली."

साहेबांनी चष्म्याच्या वरून न्हाई, चष्म्यातून बघितलं. "टाइम ऑफिसात जा. आजपासून मस्टरवर सही करा."

टाइम ऑफिस गेटवरच, काट्याला लागून. टाइमकीपरनं नवी ओळ आखली. विचारलं, "हुद्दा काय लिहू?"

काट्याच्या खिडकीतून मामा ओरडले, "नकल्या लिहा!"

"ऑपरेटर," मी म्हणलं. "चाचांच्या जागी."

त्यानं लिहिलं. मी सही केली. एवढी मोठी केली की शेजारच्या दोन रकान्यांत गेली, आन् टाइमकीपर लई खवळला. मी खोडली न्हाई.