ओळख निघणार नाही असं माणूस

चौथीच्या वर्गाला चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या शाळेत बाई म्हणून मी एकटीच. विषय निघाल्याबरोबर गुरुजी लोकांना एकाएकी पोषण आहाराचा तांदूळ बघायची आठवण झाली. मी तक्ते लावले आणि मुलींना सांगितलं, जोरात नको म्हणायचं, तिथून पळायचं आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. मग विचारलं, तुमचं विश्वासाचं माणूस कोण? एक म्हणाली आई, एक म्हणाली आज्जी. खिडकीजवळची म्हणाली, "माझा मामा, बाई." मी फळ्यावर आई, आज्जी लिहिलं होतं, त्याखाली मामा लिहिलं. अक्षर वाईट आलं. पोरी हसल्या.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

माझा मामा प्राथमिक शिक्षक. त्याची पहिली नेमणूक आमच्या गावात झाली, उंब्रजच्या अलीकडे, म्हणून तो आमच्याच घरी राहायला आला. मी तेव्हा त्या चौथीच्या मुलींएवढी होते. काय झालं ते इथं लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला एवढ्यावर कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याला तपशील पुरवायचा मी काही मक्ता घेतलेला नाही. पुढे तो मुख्याध्यापक झाला, निवृत्त झाला, आता पंचक्रोशीत कुठलाही सत्कार असो, पहिल्या रांगेत त्याची खुर्ची ठरलेली. माझ्या लग्नात रिवाजाप्रमाणे नवरीच्या पाठीशी मामा उभा राहिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. त्या फोटोत मी खाली मान घालून उभी आहे आणि अल्बम बघणारी प्रत्येक बाई म्हणते, किती लाजरी होती गं पोरगी. लाजरी म्हणे.

नवरा फौजेत. वर्षातून दोनदा येतो, तेवढ्यात घराची कौलं, सासूबाईंचे गुडघे आणि पाहुण्यांची लग्नं उरकायची असतात. माणूस चांगला आहे, पण त्याच्याशी हे बोलायला मला कधी फटच सापडली नाही. मला काही फार नको होतं. हे सगळं एकदा तोंडानं पुरतं बोलायचं होतं, आणि समोर ते ऐकून घेणारं माणूस पाहिजे होतं. आष्ट्यात, माझ्या सासरी, ते होणं शक्य नव्हतं. आष्ट्यात मी मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणलं तरी संध्याकाळी शेजारीण विचारते, कुणाला खोकला झालाय?

म्हणून दाढ दुखते असं सांगून सांगलीला गेले. समुपदेशन केंद्राची पाटी मी आधी एकदा एसटीतून बघून ठेवली होती. आत जाताना तोंडाला स्कार्फ होता, तो खुर्चीत बसल्यावर सोडला. बाई साधारण माझ्याच वयाच्या, चेहरा हसरा, टेबलावर पाण्याचा तांब्या. मला त्या आवडल्या, हे सांगितलं पाहिजे.

"कुठलं गाव म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"आष्टा."

"आणि माहेर?"

आमच्याकडे याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. गाव कुठलं, माहेर कुठलं, कुणाच्यातल्या, मामाचं गाव कुठलं. एसटीत शेजारी बसलेली बाई उतरेपर्यंत आपली कुठली ना कुठली पाहुणी निघते आणि ओळख निघाली की दोघींच्या जिवाला बरं वाटतं. मी स्वतः शाळेत आलेल्या पालकांना हेच विचारते. त्यामुळे त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले, काही कळायच्या आत आम्ही पाटणजवळच्या माझ्या आजोळी पोचलो होतो.

"अय्या, म्हणजे तुम्ही सरांच्या भाची?" त्यांचा चेहरा उजळला. "आमच्या ह्यांना सरांनीच शिकवलं. देवमाणूस हो. बोला, काय त्रास होतोय?"

"झोप येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मला श्वासाचा व्यायाम दाखवला. झोपताना मोबाइल लांब ठेवा म्हणाल्या, कॉफी कमी करा म्हणाल्या. मी आयुष्यात कॉफी घेत नाही. निघताना म्हणाल्या, "सरांना नमस्कार सांगा." मी बरं म्हटलं आणि स्टँडवर येऊन आष्ट्याच्या दोन गाड्या सोडून दिल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पुढच्या लग्नसराईत मामाचा फोन आला. तो मला कधी फोन करत नाही.

"काय गं बाय, झोप लागत न्हाई म्हणं तुला? सांगलीला गेलतीस व्हय?"

कराडच्या एका लग्नात त्या बाई त्याला भेटल्या होत्या. पंगतीत शेजारी बसून त्यांनी मायेनं सांगितलं होतं, सर, भाचीकडे जरा लक्ष द्या.

"आनि काय काय बोललीस तितं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"काही नाही."

"बरं. लय इचार करू ने."

मी फोन ठेवला. राग आला, इतका की त्या दिवशी दोन पोरांना विनाकारण ओरडले. त्या बाईंचा राग यावा तर तोही नीट येईना. त्यांनी मला आपलं माणूस मानलं होतं, आणि आपल्या माणसाची चौकशी आपल्या माणसांत करायची नाही तर कुठं, असंच त्यांना वाटलं असणार. तक्रार करायची तर कुणाकडे आणि काय सांगून? त्यानंतरचे कितीतरी महिने मी कुणाशी धड बोलले नाही. शाळा, भाकऱ्या, सासूबाईंच्या गोळ्या. भरल्या घरात एकटं असणं काय असतं ते मला विचारा. हळदीकुंकवाला बायकांच्या घोळक्यात बसून मी वाण घेत होते, हसत होते, आणि मनात एकच चाललेलं, यातल्या एकीला सांगितलं तर पाटणपर्यंत पोचायला किती वेळ लागेल?

शेवटी मी उलटा विचार केला. जिथं आमचं कुणीच नाही, असं गाव शोधायचं. सातारा, सांगली, कोल्हापूर बाद. पुणं तर पहिल्यांदा बाद, तिथं आमचं अर्धं गाव राहतं. मुंबईत नणंदा. मग नागपूर सापडलं. आमच्यातली सोयरीक तिथवर काही जात नाही, आमच्या सासूबाईंच्या हिशेबी नागपूर म्हणजे परदेश. तिथल्या एक बाई फोनवरून समुपदेशन करतात, हाच विषय बघतात, असं मोबाइलवर वाचलं. वेळ ठरवली. घरात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून रविवारी शाळा उघडली, आतून कडी लावली आणि चौथीच्या वर्गात छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसले.

सवयीनं मी सुरुवात केली, "मी आष्ट्याची. माझं माहेर..."

"गावाचं नाव नको," त्या म्हणाल्या. "मला लागत नाही ते. तुम्ही तुमचं सांगा ना."

गाव नाही, माहेर नाही, अमक्याची सून नाही, तमक्याची भाची नाही, मग सांगायचं तरी काय? पहिल्या रविवारी मी शाळेतल्या गळक्या टाकीबद्दल बोलले. दुसऱ्या रविवारी सासूबाईंबद्दल. त्यांनी एकदाही घाई केली नाही. "सावकाश बोला, मी ऐकून राहिली," एवढंच म्हणायच्या. तिकडची बोली मला आधी चमत्कारिक वाटायची, मग तिचाच आधार वाटायला लागला. आमच्या नात्यागोत्यात तसं कुणीही बोलत नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका रविवारी मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. माझा आवाज एकदाही हलला नाही, जणू पाठ केलेला धडा म्हणून दाखवत होते. त्या मध्ये बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा कुणाला सांगितलं होतं का?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी मामाचीच तयारी करून बसले होते.

"आईला," मी म्हणाले.

"मग?"

"हातपाय धू म्हणाली. त्याच आठवड्यात भाऊबीज होती. तिनं त्याला ओवाळलं." आणि मग मला पुढचं आठवलं, जे मी कधीच आठवू दिलं नव्हतं. "वाऱ्यानं निरांजन विझत होतं. आईनं मला हाक मारली, आडोसा धर म्हणाली. मी ज्योतीभोवती दोन्ही हात धरून उभी होते. ती ओवाळत होती."

तेव्हा मात्र मी रडले. तोंडात पदर कोंबला, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या फोनवर थांबून राहिल्या. मामानं केलं त्याचं रडू मला कधी आलं नाही. हे त्याचं नव्हतंच.

आई अजून आहे, गावी एकटीच राहते. दर रविवारी दिवेलागणीला तिचा फोन येतो, जेवणाचं विचारते, पाऊसपाण्याचं सांगते. त्या दिवशीही आला.

"आई, मी लहानपणी तुला एक सांगितलं होतं," मी म्हणाले. "मामाचं. तुला आठवतं?"

मला वाटलं ती विषय बदलेल. काय येड्यावानी बोलतीस म्हणेल. मी त्याचीसुद्धा तयारी ठेवली होती.

"ध्यानात हाय," ती म्हणाली.

मग काहीच नाही. इतका वेळ काही नाही, की मला वाटलं रेंज गेली.

"आई?"

"हाय," ती म्हणाली. "ठिवू नगंस."