गुंफलेल्या हातांचं नाणं

दत्ताराम गेल्याचं त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, कणकवलीहून फोनवर सांगितलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या नाण्याचा. आता ते कोणाकडे जाणार?... लाज वाटते, पण खरं तेच आहे.

नव्वदच्या दशकात मी बर दुबईत एका विमा कंपनीत होतो, दत्ताराम अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये फोरमन. शुक्रवारच्या सुट्टीला तो बसने यायचा आणि आम्ही आब्रात, तिथल्या लाकडी होडीत, बसून खाडीपलीकडे एका म्हाताऱ्या इराण्याच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात जायचो. माझ्याकडे जाडजूड कॅटलॉग, त्याच्याकडे नुसते डोळे. मी पानं उलटेपर्यंत हा ढिगातून अस्सल रोमन चांदीचं नाणं उचलून मोकळा! शिंगातून फळं सांडणारी देवी पाहून म्हणायचा, "साहेब, ही तर आपली लक्ष्मीच." आणि पुस्तकात बघावं तर खरोखरच समृद्धीची देवता. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका शुक्रवारी त्याने ते नाणं उचललं. गुंफलेले दोन उजवे हात, मधे कणसं आणि सापांची काठी. वर्षभर मी तेच शोधत होतो. "खलास हबीबी, दूसरा नहीं है," इराणी मला म्हणाला.

"ह्याचा अर्थ काय, साहेब?" दत्तारामने विचारलं.

"विश्वास," मी म्हणालो. मग अगदी सहज म्हटल्यासारखं, "पण किती काळं पडलंय! टूथपावडरने घासून काढ."

जुन्या चांदीवरची काळी छटा घासली की नाणं वाया जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

पुढे कितीदा विचारलं, तरी "आहे ना, जपून ठेवलंय," एवढंच म्हणायचा. त्याने घासलंच नाही, माझ्यापासून लपवतोय, असं समजून मी आणखी चिडायचो. पुढे तो नोकरी सोडून गावी गेला, तरी ते नाणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याचा डबा माझ्याकडे पाठवला. प्रत्येक नाणं कागदी पाकिटात. ते नाणं चकचकीत होतं, हातांची बोटं पुसट झालेली. पाकिटावर त्याचं गोल अक्षर: "विश्वास. घासल्यावर बिघडलं. साहेबांना दाखवायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. चांगल्या मनाने सांगितलं होतं."

शुक्रवारी सकाळी मी डबा उघडतो. लक्ष्मी हातात घेतो, ते पाकीट मात्र तसंच राहू देतो. इतकी वर्षं त्याच्या नजरेवर जळलो... आता जळतो तो त्याच्या मनावर, आणि ते काही डब्यातून मला मिळणार नाही.