नागनाथअप्पांचे दोन कॅमेरे

नागनाथअप्पांच्या पत्नीचा, महानंदा वहिनींचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या माझ्या स्टुडिओत एका बारशाचे फोटो निवडत बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. वहिनी मला कधी स्वतःहून फोन करीत नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव दिसल्याबरोबर मी काम थांबवून उचलला. "दत्ताभाऊ, तुमचे अप्पा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग मी शटर ओढलं आणि पालमची एस.टी. धरली. दुपारी त्यांच्या शेताच्या कडेला त्यांना समाधी दिली. मांडी घालून बसवलेले अप्पा, कपाळभर विभूती, भोवती बेलाची पानं. माती लोटताना कुणीतरी म्हणालं, "पालमात असं एक घर न्हाई, जिथं ह्यांनी काढलेला फोटो न्हाई." त्याला आता दीड महिना झाला.

नागनाथअप्पांचा पालमच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. माझ्याहून ते दहा वर्षांनी मोठे. मी या धंद्यात नवखा होतो तेव्हा त्यांनी मला जोडीला घेतलं. लग्नात ते फोटो काढायचे, मी व्हिडिओ. रीळ भरायचा जमाना संपून गेला होता आणि अप्पांनी त्यांचा पहिला डिजिटल एसएलआर घेतला होता. दगडासारखा जड, मागचा पडदा काडेपेटीएवढा, बटण दाबलं की 'खटाक' असा आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. कमी उजेडात त्याचा ऑटोफोकस नुसता चाचपडायचा, मागंपुढं करून शेवटी थांबायचा. म्हणून अप्पांनी तो कायमचा बंदच करून टाकला. डोळा लावायचा आणि डाव्या हातानं लेन्सची रिंग फिरवायची, रिळाच्या कॅमेऱ्यासारखी. त्यांची बोटं इतक्या अलगद थांबायची की नवरीच्या पापणीचा केस न् केस वेगळा यायचा. मी विचारलं, "कसं कळतं हो तुमाला, कुठं थांबायचं?" ते म्हणाले, "कळत न्हाई. दिसतंय."

एकदा एका मेंढपाळाच्या घरी पोरीच्या साखरपुड्याला गेलो होतो. घरातली म्हातारी फोटोला उभी राहीना. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिचं म्हणणं. पोरांनी ओढून आणायची तयारी केली तर अप्पांनी त्यांना अडवलं. कॅमेरा गळ्यातच ठेवून ते म्हातारीजवळ जाऊन बसले, कोणती मेंढी कधी व्याली ते विचारत राहिले. तासाभरानं म्हातारीच म्हणाली, "काढ बाबा आता, किती येळ बसतूस." तो फोटो अजून त्यांच्या घरात लावलेला आहे. मी तेवढ्या वेळात दोन बॅटऱ्या संपवल्या होत्या, आणि माझ्या त्या व्हिडिओतलं आज कुणाला काही आठवत नसेल.

चार वर्षांपूर्वी मी नांदेडहून नवा कॅमेरा आणला. एसएलआरच, पण निम्म्या वजनाचा. मागं हवा तसा वळणारा मोठा पडदा, त्या पडद्यावर बघून काढलं तर समोरच्याचा चेहरा आपोआप शोधून त्यावर हिरवी चौकट ठेवायची सोय. अप्पांना दाखवायला मी तडक पालमला गेलो. बाजाराचा दिवस होता. स्टुडिओच्या सावलीत एक शेतकरी घोंगडी पांघरून बसला होता. त्याला विचारून आम्ही दोघांनी आपापल्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावला. फरक उघड होता. अप्पांच्या फोटोत सावलीतला भाग काळाकुट्ट झाला होता, त्यात रव्यासारखे दाणे उमटले होते. माझ्या फोटोत घोंगडीचा धागा न् धागा, कानामागचा मळ, डोळ्यातली लाल शीरसुद्धा आली होती. पण त्या माणसाच्या कातडीचा उन्हानं रापलेला रंग अप्पांच्या फोटोत जसाच्या तसा होता, माझ्यात तो जरा गुलाबी दिसत होता. अप्पा बराच वेळ दोन्ही बघत राहिले. मग म्हणाले, "नव्यात लय दिसायलंय रे दत्ता. एवढं बगायचंच न्हवतं मला."

मला तो हट्ट वाटला. माणूस जुना झाला की जुन्यालाच चिकटून बसतो, असं मी मनात म्हटलं. पुढच्या दोन वर्षांत मी हे चारचौघांत बोलूनही दाखवलं असेल.

मग चुडावा गावचं ते लग्न झालं. अल्बमसाठी अप्पांनी काढलेले फोटो उघडले तर निम्मे आऊट, फोकस चुकलेले. अक्षता पडतानाचे, कानपिळीचे, आणि पोरगी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडली होती तो फोटोसुद्धा. दोघींच्या मागच्या मंडपाची झालर स्वच्छ, आणि या दोघी धुरकट. पोरीचे वडील स्टुडिओत आले. भांडले नाहीत. तो एकच फोटो हातात धरून म्हणाले, "अप्पा, हा तर नीट यायचा होता." अप्पा खाली मान घालून उभे होते. वातावरण निवळावं म्हणून मी मध्ये तोंड घातलं. "अप्पांचा काई दोष न्हाई, त्यांचा कॅमेरा म्हातारा झालाय. किती येळा म्हनलं, बदला बदला." पोरीच्या वडिलांना ते पटलं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आसंल."

महिन्याभरात त्यांनी माझ्यासारखाच नवा कॅमेरा घेतला. मी जिंकल्यासारखा खूश होतो. ते आता डोळ्याला कॅमेरा लावीतच नसत. पडदा बाहेर वळवून, दोन्ही हात लांब करून फोटो काढायचे. मी चेष्टा करायचो, "अप्पा, तुमी बी मोबाइलवाले झालाव की." ते हसायचे. फोटो मात्र सगळे स्वच्छ यायला लागले. लोक पुन्हा त्यांचं नाव काढू लागले.

आता मागं वळून बघितलं की काय काय दिसतं... लग्नाच्या कमानीवरचं नाव ते मला वाचायला लावायचे, चष्मा घरी राहिला म्हणून. चहा बशीत ओतताना धार बाहेर जायची. काढलेला फोटो बघायला पडदा अगदी नाकाशी न्यायचे. साखरेचा आजार त्यांना बरीच वर्षं होता, तेही मला ठाऊक होतं. मी शेजारी उभा राहून हे सगळं बघितलं आणि एकाशी एक जोडलं नाही. माणसाचं वय होतंय, एवढंच समजलो.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले. नांदेडला नेलं तर दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. एकदा वहिनींना गावाकडं जावं लागलं म्हणून मी सोबत होतो. यंत्राला जोडलेल्या अवस्थेत ते छताकडं बघत पडले होते. अचानक म्हणाले, "दत्ता, त्या चुडाव्याच्या लग्नात कॅमेऱ्याचा कसूर न्हवता."

मला चटकन कळलं नाही.

"माझे डोळे गेलेत. साखरेनं. तवाच डॉक्टर म्हनले होते, मदला भाग गेला, कडंकडंनं तेवढं दिसंल. चेहरा दिसायचा न्हाई मला. रिंग अंदाजानं फिरवायचो."

"मग मला सांगितलं कामून न्हाई?"

"सांगून काय करतूस? फोटोवाल्याचे डोळे गेले म्हनल्यावर कोन बोलावतंय? आन् तू कॅमेऱ्यावर ढकललंस, तवा बरंच वाटलं मला. लोकायला पटलं." जरा थांबून, दम घेऊन ते पुढं म्हणाले, "नव्या कॅमेऱ्यानं दोन वर्षं संबाळलं बग. त्यो चेहरा हुडकायचा, हिरवं काईतरी दावायचा, टुं म्हनायचा. टुं म्हनलं की मी बटन दाबायचो. कोन हाय, रडायलंय का हसायलंय, ते घरी येऊन कॉम्प्युटरवर मोटं करून बगायचो."

मी त्यांचा हात धरला. तो गार होता. ज्या गोष्टीची मी दोन वर्षं चेष्टा केली ती त्यांची काठी होती, आणि मी चेष्टा करतोय म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नव्हती. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले.

गेल्या पंधरवड्यात वहिनींनी मला बोलावून घेतलं. "हे दोन कॅमेरे हायत, काय करायचं बगा," म्हणाल्या. स्टुडिओत धूळ साचली होती. आधी मी नवा कॅमेरा उघडला. त्यात शेवटच्या वर्षातली लग्नं, बारशी, शाळेचं स्नेहसंमेलन. सगळे फोटो काटेकोर, स्वच्छ, कुठं बोट ठेवायला जागा नाही. मग जुना उचलला. यात चुडाव्याच्या लग्नानंतर काही नसणार, असं मी धरून चाललो होतो. बॅटरी चार्ज करून चालू केला तर कार्ड जवळजवळ भरलेलं.

सगळे फोटो वहिनींचे होते. एकाच जागी, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या, सकाळचं ऊन डाव्या अंगानं आलेलं. कधी हातात निवडायचं सूप, कधी मेथीची जुडी, कधी नुसत्याच. दर दोन-चार दिवसांनी एक. सुरुवातीच्या फोटोंत त्यांचा चेहरा जरासा मऊ, पण ओळखू येणारा. मग कपाळावरची विभूती पसरट होत गेली. मग नाक-डोळे एकात एक मिसळले. पुढं पुढं लुगड्याचा रंग आणि दाराची चौकट एवढंच उरलं. मी एकेक पुढं सरकवत होतो आणि वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी यातला एकही पाहिलेला नव्हता.

"सारखं म्हनायचे, बस जरा, उजेड बगायचाय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कॅमेरा चालतोय का ते बगायलेत."

शेवटच्या फोटोत एक हिरवा डाग होता आणि त्यावर तांबूस काहीतरी. वहिनींनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच हिरवं नवं लुगडं नेसल्या होत्या, म्हणून त्यांना तो दिवस आठवला. "मी इचारलं होतं, आता तरी नीट दिसायलंय का? तर म्हनले, आज लय साफ दिसायलीस."

मग मी म्हणालो, "वहिनी, सुरुवातीचा एखादा चांगला बघून मोठा करून देतो."

"हाच करा."

"ह्यात चेहरा न्हाई तुमचा."

"माझा चेहरा मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्यायला काय दिसायलं होतं, ते ऱ्हाऊ द्या भितीवर."

आठ दिवसांनी मी तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून पालमला नेऊन दिला. वहिनींनी तो पुढच्या खोलीत लावला आहे. भेटायला येणारे विचारतात, हा कशाचा फोटो. त्या सांगतात, "माझाच हाय. ह्यांनी काढलाय."